लढाई संपल्यावर उरणारं काम

मंगळवारी दुपारी जालन्याच्या दवाखान्यात तू गेलास. अक्का आत होती. मी बाहेर बाकावर होतो. कंपौंडरने दारात येऊन सांगितलं. तू सांगून ठेवलं होतंस, म्हणून तुला वस्तीवर नेलं नाही. जालन्यातच दहन दिलं. तिसऱ्या दिवशी मी आणि अक्का बैलगाडीने तीर्थपुरीला परत आलो. आबा वस्तीच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी विचारलं, "जाळलं?" मी म्हणालो, "हो."

आपल्यात पुरतात. पण या रोगात मातीत ठेवायचं नाही, माती विसरत नाही, असं तू म्हणाला होतास. दवाखान्याच्या खाटेवर पडून तू हे मला समजावलंस, शाळेत मी पोरांना नकाशा समजावतो तसं. मला तेव्हा रडू यायला हवं होतं. मी विचारलं, "किती वर्षं राहतं मातीत?" तू खूश झालास. म्हणालास, "बराबर विचारलंस."

रंगनाथ, चारचौघांत मी तुला दाजी म्हणायचो, अहो-जाहो करायचो, कारण तू माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा नवरा. दोघंच असलो की तू रंगा आणि मी मास्तर. चौथीपर्यंत एका फळीवर बसलो होतो आपण. मी पुढे जालन्याला उर्दू शाळेत गेलो आणि तीर्थपुरीच्या शाळेत मास्तर झालो. तू मेंढरांमागे गेलास. आता दोघंच आहोत असं धरून लिहितो आहे. लिहायला वेळ लागतो आहे. एक वाक्य लिहितो आणि तू त्यावर काय म्हणाला असतास याची वाट बघत बसतो. सवय आहे, दुसरं काय.

मला तुझ्याकडून एक गोष्ट समजून घ्यायची होती आणि ती राहिली. फौजेच्या भरतीच्या दिवशी तू ते खातं का निवडलंस?

म्हणजे तू कारण सांगितलं होतंस. मला ते पटलं नव्हतं. पाच वर्षं आपण त्यावर वाद घातला.

तो दिवस मला नीट आठवतो. जालन्याला भरतीचा तंबू पडला होता. घरच्या मेंढरांत तुम्हा दोघा भावांचं भागत नव्हतं आणि तू ठरवलं होतंस की जायचं. वाचायला कोणीतरी सोबत हवं म्हणून मला नेलंस. तंबूबाहेर लिंबाखाली एक छापील कागद वाटत होते. त्यावर कामांची यादी होती. मी ती तुला तीनदा वाचून दाखवली. शिपाई, मोटार ड्रायव्हर, बिनतारी यंत्रावाला, क्लार्क, सुतार, स्वयंपाकी, नालबंद, आणि सगळ्यांत खाली जनावरांच्या दवाखान्यातला ड्रेसर.

"ड्रेसर म्हंजी?"

"जनावरांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, औषध पाजायचं."

"कोणती जनावरं?"

"खेचरं असतील. घोडे असतील."

तू पुन्हा यादीकडे बघितलंस. मी म्हणालो, क्लार्क लिही. तुझं अक्षर चांगलं आहे, हिशेब पक्का आहे, उर्दू मी महिनाभरात शिकवतो. परत आलास की खुर्ची मिळेल.

"खुर्ची हाय," तू म्हणालास, "पर तिच्यावर आधीच कोणीतरी बसलेलं हाय. त्याला उठवणारा मामा मला न्हाई."

"मग ड्रायव्हर हो."

"आपल्या गावात मोटार किती?"

"एकही नाही."

"बिनतारी यंत्र?"

मी हसलो. तू हसला नाहीस. तू बोटाने त्या यादीवरून खाली येत होतास, वाचता येत असूनही मीच वाचावं असं तुला वाटत होतं. म्हणालास, "मास्तर, लढाई तर संपणार. ती संपल्यावर यातलं कोणतं काम गावात उरतंय, तेवढंच बघून राह्यलो मी."

आत सुभेदार होता. त्याने तुझी उंची घेतली, छाती घेतली, तुझे पाय बघितले आणि खूश झाला. "मेंढक्याचा पोरगा ना? डोंगर चढायची सवय असेल. बंदूक घे, पलटणीत चल."

"बंदुकीचं काम लढाईपुरतं, साहेब. म्होरं काय?"

"म्होरं जगलास तर बघू."

"जगलो न्हाई तर कोणतंबी खातं चालतंय," तू म्हणालास. "जगलो तर काय, त्येच इचारून राह्यलो."

सुभेदाराने तुझ्याकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा बघितलं. हे मी शिकवून आणलंय असं त्याला वाटलं असावं. मी तर उलटंच शिकवत होतो. मला वाटत होतं, सात पिढ्या मेंढरांमागे चाललेल्या घरातला माणूस एकदाचा बाहेर पडतो आहे, आणि बाहेर पडून काय मागतो, तर पुन्हा जनावर. परतीच्या वाटेवर मी तुला म्हणालो, "मेंढरातून उठलास आणि खेचरात बसलास." तू म्हणालास, "बसलो न्हाई. तिथं उभं राहावं लागतंय." हा तुझा विनोद होता. मला तो दोन दिवसांनी कळला.

तुझी पत्रं यायची ती मी वस्तीवर मोठ्याने वाचायचो. बाकीच्यांच्या पत्रांत ख्यालीखुशाली असायची, तुझ्या पत्रांत प्रश्न आणि हकिगती. एका पत्रात तू लिहिलंस की प्रत्येक खेचराच्या खुरावर आकडा डागलेला असतो आणि रोज सकाळी सगळी खेचरं रांगेत उभी करून मोजतात. 'पहिल्या दिवशी मी तोंड फिरवून उभा राहिलो,' असं लिहिलं होतंस.

वाचून आबा म्हणाले, "रोज मोजतेत? मंग मरतीलच की."

आबा, म्हणजे माझे वडील, तुझे सासरे. आजवर त्यांनी आपली मेंढरं किती हे कोणाला सांगितलेलं नाही. मला, त्यांच्या पोटच्या पोराला, नाही. आपल्याकडे 'किती' असं कोणी विचारतच नाही. कोणी परक्याने विचारलंच तर 'हायेत देवाच्या दयेनं थोडी' असं म्हणायचं. कळप कधी पुरा एका माणसाच्या नजरेखाली येऊ द्यायचा नाही. चार मेंढरं कुठेतरी आड ठेवायची. मोजलं की कमी होतं. चराईचा कर घ्यायला माणूस येतो, त्याला चुकवायला हे सोयीचं, असं मी शाळा शिकल्यावर म्हणायला लागलो. आबा त्यावर म्हणायचे, "कर काल आला. हे आधीचं हाय."

दुसऱ्या एका पत्रामुळे मला बरेच दिवस झोप लागली नाही. जंगलात शत्रूला ऐकू जाऊ नये म्हणून काही खेचरांचा आवाज काढून टाकतात, गळ्यात छोटी शस्त्रक्रिया करून, आणि त्या कामात तू हाताशी होतास. मी उलट टपाली विचारलं, मग दुखलं तर त्याला सांगता कसं येतं? तुझं उत्तर महिन्याने आलं. एकच ओळ होती त्यावर. 'कान बघायचे, मास्तर. आणि सारखं सारखं बघायचं.'

मी क्लार्क हो म्हणत होतो. तुला वेगळंच काही कळत चाललं होतं, आणि मला त्याचा हेवा वाटत होता. हे तेव्हा लिहायला हवं होतं. मी लिहिलं, की थंडीत जपून राहा.

लढाई संपली. तू आलास तेव्हा अंगावर खाकी आणि हातात फौजेतून सुटल्याचा कागद. त्यावर इंग्रजीत तुझं काम, तुझं वागणं, तुझी सेवा नीट लिहिली होती. तो कागद घेऊन आपण जालन्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टरसाहेब भले गृहस्थ. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि सांगितलं की हा इंग्रज फौजेचा कागद आहे आणि नोकरी निजाम सरकारची. शिवाय इयत्ता कमी पडते. मी तीन अर्ज उर्दूत लिहिले. तिन्ही परत आले. तिसरा आला त्या संध्याकाळी मी ते वाक्य बोललो.

"मी सांगत होतो. क्लार्क झाला असतास तर."

तू गोठ्यात बसून तुझी ती जनावरांना टोचायची मोठी सुई उकळत्या पाण्यातून काढत होतास. सुई पुसलीस, डबीत ठेवलीस, डबी बंद केलीस. मला वाटलं, मी जिंकलो. तसं वाटल्याबद्दल मी तुझी माफी मागायचं ठरवलं होतं आणि रोज दुसरं काहीतरी बोलत राहिलो.

पण डॉक्टरसाहेबांनी एक वाट ठेवली होती. ती तुला उशिरा सांगितली. आपल्या भागात दर उन्हाळ्यात फाशीचा रोग येतो; जनावराकडून तो माणसालाही लागतो. चांगलं मेंढरू उभ्या उभ्या कोसळतं, नाकातोंडातून काळं रक्त येतं, ते गोठत नाही. त्यावर लस आहे, पण ती टोचून घ्यायला मेंढके कळप आणत नाहीत. साहेब म्हणाले, तीर्थपुरीच्या बाजूच्या दहा वस्त्या पुऱ्या कर. एकही जनावर न सोडता. आकड्यासकट लिहून आण. मग मी वर शिफारस करतो, 'या माणसाशिवाय काम होत नाही' असं लिहितो. मग इयत्ता कोणी विचारणार नाही.

तुझं पुढचं सगळं त्या आकड्यांवर होतं, आणि आकडा सांगणार कोण? कोणीच नाही.

पहिल्या वस्तीवर तू गेलास तो रिकाम्या हाताने परत आलास. सोबत दवाखान्याचा कारकून होता, वही घेऊन. त्याने 'किती' म्हटल्याबरोबर म्हातारा उठून आत गेला. तिसऱ्या दिवशी शाळेत आलास, पोरं सुटल्यावर.

"मास्तर, मेंढरं मोजायची न्हाई."

"मग?"

"बाटल्या मोजायच्या. एका बाटलीत किती टोचणं होतंय ते ठरलेलं हाय. रिकाम्या बाटल्या साहेबापुढं ठेवायच्या. मेंढराचा आकडा आपोआप निघतोय, आणि मोजलं कोणीच न्हाई."

"आणि एखादं सुटलं की नाही, ते कसं कळणार?"

"टोचलेल्याच्या पाठीवर गेरूचं बोट. बिनगेरूचं दिसलं की धरायचं. आणि शेवटाला इचारायचं, कोणी राह्यलंय का? किती न्हाई म्हणायचं. कोणी म्हणायचं."

मी तुझ्याकडे बघत राहिलो. फौजेत तुला मोजायला शिकवलं होतं आणि घरी न मोजायला. या दोन्हींच्या मधून वाट निघते हे माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की लिंबाखाली तू बरोबर होतास. तेही मी तुला सांगितलं नाही. म्हणालो, "गेरू पावसात धुतला जाईल."

"पावसाळ्याआधी संपवतो की," तू म्हणालास. "तू फकस्त खोड काढ."

आणि चाललं ते. लोक आले. म्हाताऱ्या तुला 'फौजी डाक्टर' म्हणायला लागल्या. एकीने तुझ्यासाठी कोंबडं कापलं, तर दुसरी म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यालाबी येखादी टोच की." तू म्हणालास, "मावशे, म्हाताऱ्याला टोचलं तर गेरूबी लावावा लागंल." नऊ वस्त्या झाल्या. दहावी आपली.

आपली शेवटी का ठेवलीस, हे मी विचारलं होतं. तू म्हणालास, घरचं काम केव्हाही होतं. मला वाटतं, तू घाबरत होतास. आबांना.

होळीच्या आधीची ती सकाळ. आबांनी वाडग्याचं, मेंढरांच्या काटेरी कुंपणाचं, तोंड उघडलं. तू, कारकून, मी, तुझा भाऊ. दुपारपर्यंत सगळ्यांच्या पाठीवर गेरू लागला. तू उभा राहिलास, कपाळ पुसलंस, आणि सगळ्या वस्त्यांवर विचारायचास तसंच विचारलंस, जावई म्हणून नाही, "कोणी राह्यलंय का?"

आबा म्हणाले, "न्हाई."

रंगा, मला माहीत होतं. पहाटे मी तोंड धुवायला बाहेर आलो तेव्हा आबा ठेवणीतली अकरा मेंढरं वेगळी काढून ओढ्याकडे लावत होते. मला बघून म्हणाले, "कारकून येतोय. सगळं बिऱ्हाड त्याच्या डोळ्यांखाली घालू काय?" मी काही बोललो नाही. मला वाटलं, कारकून गेला की आबा स्वतःच तुला बोलावतील आणि ती अकरा टोचून घेतील. दुसऱ्या दिवशी बोलावलं नाही. मग मला वाटलं, परवा. मग होळी आली, मग कातरणी आली. लोकर उतरली, तिच्याबरोबर गेरूही गेला. आता टोचलेलं कोणतं आणि न टोचलेलं कोणतं, हे फक्त आबांना आणि मला ठाऊक होतं. मी तरी तसंच समजत होतो.

मी शाळेत पोरांना अंधश्रद्धा म्हणजे काय ते शिकवतो. ते सगळं शिकवत असताना त्या पंधरा दिवसांत मी तुला अकरा हा आकडा सांगू शकलो नाही. का, ते मी शोधतो आहे. आबांची भीती नव्हती. तुझा अहवाल खोटा पडेल, तुझी शिफारस जाईल, म्हणून गप्प बसलो असं स्वतःला सांगून बघितलं. तेही खरं नाही. आकडा तोंडात यायचा आणि तिथेच थांबायचा. आपल्याकडे सांगत नाहीत. एवढंच.

आणि मग ती मेंढी. दुपारी ओढ्याकाठी बसली ती उठेना. आबांनी आपल्या पद्धतीने तिचा कान चिरला, वाईट रक्त जावं म्हणून. मग तुला हाक मारली. तू बाभळीचं कुंपण नीट करत होतास, तसाच आलास, हातावर काटे ओढल्याचे ओरखडे घेऊन. मी जवळच्या धोंड्यावर पुस्तक वाचत होतो. तू वाकण्याआधी विचारलंस, मला तो आवाज ऐकू येतो, "आबा, हिला टोचली व्हती ना?"

"टोचलीय की."

तू माझ्याकडे बघितलंस का? मला वाटतं, बघितलंस. मी पुस्तकाचं पान उलटलं.

टोचलेल्या मेंढीला फाशी होत नाही. म्हणून तू निर्धास्त होऊन तिच्यापाशी बसलास, तिचं तोंड उघडलंस, पोट दाबून बघितलंस, चिरलेला कान हातात धरलास. मग तुझा हात थांबला. कानातून येणारं रक्त काळं होतं आणि थांबत नव्हतं. तू बोटांवर ते घेऊन बघितलंस. मग आबांकडे बघितलंस, मग माझ्याकडे. ओरडला नाहीस.

"पाणी आणा. चुना आणा. आबा, तुम्हीबी हात धुवा, चुन्यानं. मास्तर, तू लांब उभा राहा."

मेंढी संध्याकाळच्या आत मेली. जाळण्याइतकं सरपण नव्हतं, म्हणून तू स्वतः खड्डा खणलास, कंबरेइतका, चुना टाकून पुरलंस, वर काटे ओढलेस. कातडं काढू दिलं नाहीस. हात कोपरापर्यंत तीन वेळा धुतलास. मग माझ्यापाशी आलास, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तू तो शब्द उच्चारलास जो आपल्यात कोणी उच्चारत नाही.

"मास्तर, अजून किती?"

"दहा," मी म्हणालो.

एवढं सोपं होतं ते. एक शब्द.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू त्या दहांना टोचलंस. आबांनी एकेक धरून दिलं. मी मोठी सुई उकळून देत होतो. मला विचारायचं होतं, तुला केव्हा कळलं? मी पान उलटलं तेव्हा? की होळीच्या आधीच, वाडग्यात, आबा 'न्हाई' म्हणाले तेव्हा? तू खेचरांचे कान बघून दुखणं ओळखायचास. माझ्या तोंडावरून तुला काहीच ओळखू आलं नाही, हे मला खरं वाटत नाही. की सासऱ्याचा शब्द खोटा ठरवायचा नाही म्हणून तू तो मानलास? मी यांतलं एकही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी तुझ्या हातावर पुळी आली. पाचव्या दिवशी तिचं मधलं तोंड काळं झालं, कोळशासारखं. तू हात उन्हात धरलास आणि मला दाखवलंस.

"बघ. दाब."

"दुखत असेल."

"बिलकुल न्हाई. हेच तर. दुखत न्हाई म्हणून माणूस दवाखान्यात जात न्हाई." आणि मग, "रोज किती वाढते ते लिहून ठेव. साहेबाला दाखवू."

मी लिहून ठेवलं. तुझ्या वहीत, तुझ्या पद्धतीने. तुझ्या मरणाची वाढ मी सुतळीने मोजत होतो आणि आपण दोघं त्यात चक्क रमलो होतो. अक्काने ती सुतळी माझ्या हातातून ओढून घेतली. म्हणाली, "तुमची दोघांची शाळा पुरे झाली. जल्दी गाडी जुंपा." त्याच दुपारी आपण निघालो.

दवाखान्यात ताप चढायच्या आधी डॉक्टरसाहेब तुला भेटायला आले, माणसांच्या दवाखान्यात, जनावरांचे डॉक्टर. खुर्ची नव्हती, ते उभेच राहिले. त्यांच्या खिशात तुझ्या शिफारशीचा मसुदा होता. 'दहा वस्त्या पूर्ण' असं त्यात होतं. तू तो मला वाचायला लावलास आणि म्हणालास, "मास्तर, खाली लिही. दहाव्या वस्तीवर अकरा राह्यली व्हती."

साहेबांनी विचारलं, "का राहिली?"

तू म्हणालास, "माझ्याकडून राह्यली, साहेब."

आणि मी ते लिहिलं. 'माझ्याकडून.' माझ्या चांगल्या अक्षरात.

तुझी शिफारस तू स्वतःच्या हाताने मोडलीस, तीही आमचं नाव न घेता. मी जन्मभर पुस्तकं वाचली, पण त्या खाटेशी उभा असताना मला कळत नव्हतं की मी काय बघतो आहे. तुझ्याकडे उरलेली शेवटची गोष्ट तू आबांना देऊन टाकत होतास, आणि मला. ती आम्ही घेतली. तेव्हा गप्प राहून घेतली.

काल तेरावा झाला. पाहुणे गेल्यावर मी अक्काला सांगितलं. सगळं. पहाट, ओढा, पान उलटणं. मला वाटलं, ती मला वस्तीवरून हाकलून देईल. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली.

"त्या दिशी वढ्यात मेंढरांपाशी कोण व्हतं, ते कधी इचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. अकरा मेंढरं आपली आपण बसून राहतील असं मी धरून चाललो होतो.

"मी व्हते," अक्का म्हणाली. "आबांनी सांगावा धाडला. घरी म्हणलं, सरपणाला जाते. दुपारपस्तोर वढ्यात बसले व्हते."

"आणि त्याला सांगितलं नाहीस?"

"माहेरची मेंढरं किती, हे नवऱ्याला सांगते व्हय कोणी?" तिने सूप बाजूला ठेवलं. "तू शिकलेला हायेस. मला वाटलं, तू सांगशील."

मलाही वाटत होतं की दुसरं कोणीतरी सांगेल. आबांना वाटत होतं, काही होणार नाही. घरातली तीन माणसं एक आकडा धरून बसली होती आणि चौथा उघड्या हाताने मेंढीपाशी बसला.

आज सकाळी मी जालन्याला जाणाऱ्या गाडीवानाबरोबर डॉक्टरसाहेबांना पत्र धाडणार होतो. धाडलं नाही. स्वतः जायचं ठरवलं, आणि निघण्याआधी आबांना वाचून दाखवलं. पत्रात एवढंच आहे की ती अकरा मेंढरं रंगनाथकडून राहिली नाहीत, आम्ही लपवली. मसुद्यातला तो शब्द माझ्या हाताने लिहिलेला आहे, तो माझ्याच हाताने खोडायला द्यावा. नोकरी आता कोणाला मिळायची नाही. पण दवाखान्याच्या कागदात तुझं काम अपुरं म्हणून राहू नये.

आबांनी ऐकलं. काठी घेतली, वाडग्याकडे गेले. मला वाटलं, रागावले. त्यांनी वाडग्याचं तोंड उघडलं आणि मेंढरं एकेक करून बाहेर सोडायला लागले, एका वेळी एक, काठीने अडवत. प्रत्येकाला बोट लावत होते आणि ओठ हलत होते. त्यांना विसापुढे मोजता येत नाही. वीस झाले की एक खडा बाजूला टाकत होते. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाले, "व्हय मागं. माझं मला करू दे."

शेवटचं मेंढरू बाहेर आल्यावर त्यांनी चार खडे माझ्या हातात दिले. म्हणाले, "आणि वर चौदा. कागदात लिही."

मी ते लिहिलं आहे. उद्या पहाटे निघतो.

आमच्या बिऱ्हाडात आता आबा, अक्का आणि मी आहोत. मेंढरं चौऱ्याण्णव. तू शेवटी टोचलेली दहाच्या दहा त्यांत आहेत.